भासऱ्याच्या हातात लोटा

अंगाची हळद अजून सुकली नव्हती तेव्हाच सासूनं मला पहिला धडा दिला. "भासऱ्यासमोर तोंड दाखवायचं नाई. त्याच्याशी बोलायचं नाई. तो आला का भिंतीकडे तोंड करायचं. आन् चुकूनमाकून त्याच्या अंगाले तुहा हात लागला, तं दोघाईले आंघोळ, देवापुढं नारळ, आन् जातीले जेवण." भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि मी त्याची भावसून. मी वरोऱ्याकडची, कापसाच्या मुलखातली. आमच्याकडेही थोरल्या दिरापुढे पदर घेत, पण एवढं अवडंबर नव्हतं. मला दिली ती पार उगवतीला, तलावांच्या आणि धानाच्या मुलखात, जिथं पावसाळाभर पायाचा चिखल सुकत नाही. आता मी म्हातारी झाले, शहरातल्यासारखी बोलते. राग आला की मात्र तिकडची बोली आपसूक तोंडात येते, आणि ही गोष्ट सांगताना राग येतोच.

आमचा भासरा दारातून खाकरत यायचा. खाकरणं ऐकू आलं की मी हातातलं टाकून आत. माझ्या हातून तो काही घ्यायचा नाही. मी भांडं जमिनीवर ठेवून मागे सरायची, मग तो उचलायचा. सगळं गाव म्हणे, केवढा मर्यादेचा माणूस! भावसुनेच्या सावलीवरसुद्धा पाय देत नाही. खरंच देत नव्हता. पाय द्यायचा तो बायकोच्या पोटात.

त्याची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला बाई म्हणायची, ती मला धाकले. ठेंगणी, काळीसावळी, हसली की समोरचा अर्धा दात दिसायचा. उरलेला अर्धा कुठं गेला ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मला धानाचं काम येत नव्हतं. रोवण्याला बाया ओळीनं वाकून, मागं मागं सरकत रोपं चिखलात खोचतात. मी पहिल्याच दिवशी पाठीवर पडले तर सगळ्या बांधीत, धानाच्या त्या तुकड्यात, हशा. बाईनं मला उठवलं आणि आपल्या बाजूला घेतलं. "कापूसवाली हाय व ते, तिले चिखल मालूम नाई," असं सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि माझ्या वाटची रोपंही स्वतः लावली. सासरी मला पहिली माया मिळाली ती हिच्याकडून.

आणि माझा नवरा? तो मारत नसे. गावात एवढ्यावर मला नशीबवान म्हणत. आता कुत्रं चावत नाही म्हणून कोणी त्याची आरती करतं का? पण तसंच म्हणत. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू. फक्त भावापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची, ती काही केल्या सुटायची नाही.

त्या वर्षी बाईला दिवस राहिले. आधीची पोटं टिकली नव्हती. का टिकली नव्हती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सासू मात्र मातामायचा, म्हणजे गावदेवीचा, कोप म्हणून दर खेपेला कोंबडं कापायची. एका सकाळी बाईला उलट्या होत होत्या म्हणून शेतावर न्यारी उशिरा पोचली. दुपारी भासरा आला तो न खाकरता. बैलाची काठी हातात. मी अंगणात उखळाशी धान कांडत होते, घामानं पदर खांद्यावर पडलेला. बाई पळत आली आणि माझ्या पाठीमागे दडली. मला आत जायला वाटच राहिली नाही. मी मुसळ हातात धरून वळले ती नेमकी त्याच्यासमोर.

काठी वर होती. ती वरच राहिली. त्यानं मला पाहिलं, नजर खाली टाकली, "शी शी शी" केलं आणि पाठ फिरवली. काठी तिथंच टाकून तो विहिरीवर गेला, आणि मला हातसुद्धा लागला नव्हता तरी डोक्यावर बादल्या ओतून घेतल्या. माझ्या मानेवर बाईचा श्वास लागत होता, गरम गरम. आधी मला वाटलं रडते आहे. वळून पाहते तर बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"अवं माय! धाकले, तू तं मातामायहून मोठी निघाली व! तिले एवढे कोंबडे खाऊ घातले, ते नाई आली कधी मधात."

त्या दिवसापासून आमचं ठरलं. बाईकडे माहेराहून आणलेला एक पितळी लोटा होता. तो उंबऱ्याच्या दगडावर आपटला की मी जिथं असेन तिथून यायचं आणि मध्ये उभं राहायचं. बस्स, एवढंच. मी काही बंडबिंड केलं नाही हो. पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून नुसती उभी राहायची. नियम त्याचाच होता, मी फक्त त्याच्या आडोशाला बाईला घेत होते. तो पलीकडून पाय आपटायचा, "आई, इले इथून ने व!" म्हणून ओरडायचा. सासू यायची, मला दंडाला धरून ओढायची. तोवर त्याचा जोर उतरलेला असायचा.

सासू मला समजवायची. "नवऱ्यानं मारलं आन् पावसानं झोडपलं, तं सांगावं कोणाले?" स्वतःच्या मनगटाचं मोडलेलं हाड वाकडंच जुळलेलं, ते माझ्यासमोर हलवत सांगायची. मी म्हणायची, "आत्याबाई, पावसाले डोकं नाई. याले हाय ना?" मग ती मला रांडेची जीभ फार वाढली म्हणायची आणि चुलीकडं वळायची.

बंद दारामागं माझं काही चालत नव्हतं, तेही सांगून टाकते. पण दिवसाउजेडी मी होते, आणि पोट वाढत होतं. एकदा निंदण करताना बाईनं माझा चिखलाचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आतून पाय लागला. "पाह्य कसं लाथा मारते पोट्टं," ती म्हणाली, "बापावर गेलं." आम्ही दोघी बांधावर बसून हसलो. अशा गोष्टीवर हसू येतं का, असं आता लोक विचारतील. येतं.

त्याच सुमाराला गावात एक सेविका आली होती. पांढरं लुगडं, खांद्यावर झोळी. शाळेच्या पडवीत बायांना गोळा करून तिनं सांगितलं की आता नवा कायदा झाला आहे. नवरा छळत असेल तर बायकोला सुटका मागता येते, चांद्याला जाऊन अर्ज करायचा. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. सेविका चांगली होती, मनापासून सांगत होती. आम्ही खाली मान घालून ऐकलं आणि तिला पोहे खाऊ घातले. कायदा चांद्यापर्यंत आला होता हे खरं. चांद्यापासून आमच्या गावापर्यंत बैलगाडीची वाट होती, आणि गाडी नवऱ्याची होती. जाताना सेविकेनं बाईच्या पोटाकडे पाहिलं, गालावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं, आणि "जपून राहा हं" म्हणाली. जपून राहा! सगळं जग बायांना हेच सांगतं. मारणाऱ्याला कोणी सांगताना मी ऐकलं नाही.

पण आमच्याकडे आमचा कायदा होता, आणि तो चालत होता. बाईला त्याचं इतकं कौतुक की तिच्या पोटात ते राहीना. तलावाच्या घाटावर धुणं धुताना तिनं साऱ्या बायांना नक्कल करून दाखवली: भासरा कसा काठी उचलतो, मी कशी पुढं येते, आणि तो कसा बादल्या ओततो. बाया हसून हसून पाण्यात पडायच्या राहिल्या. आठवडा उलटत नाही तो गावातल्या आणखी घरांतून धाकट्या सुना मध्ये उभ्या राहायला लागल्या. एका घरी आजेसासरा म्हातारीवर हात उगारत होता तर नातसून उभी राहिली! मला तेव्हा वाटलं, बाप्पा, हे तर चांगलंच झालं. पुरुषांना ते कळायला वेळ लागला नाही.

मोहाच्या झाडाखाली जातीची बैठक बसली. पुरुष पारावर, आम्ही बाया मागं, पाठमोऱ्या. म्हाताऱ्या पंचानं तंबाखू मळत विचारलं, "भावसून भासऱ्याच्या वाटेत उभी राह्यते, हे खरं हाय का?"

माझा नवरा उभा होता. तो म्हणाला, "हाव."

"तोंडबी दाखवते?"

"हाव, भाऊ."

काऊन, म्हणजे का, उभी राहते, असं एकानंही विचारलं नाही. काऊन हा एक शब्द, येता-जाता आमच्या तोंडी असलेला, त्या दिवशी कोणाला सापडला नाही. मला बोलायची सोय नव्हती. भासरा समोर बसलेला. तेव्हा बाई उठली, पारापुढं आली. पोट पुढं, एक हात कमरेवर. "मी सांगतो," म्हणाली, "माही पाठ पाहा पह्यले, मंग बोला." आणि पंचांकडे पाठ करून तिनं पदर सोडला.

सगळ्यांनी माना फिरवल्या. "अवं, पदर घे! लाज हाय का नाई?" म्हातारा ओरडला. एकानंही तिची पाठ पाहिली नाही. मर्यादेची माणसं ना सगळी! पाठ मीच वळून पाहिली, आणि घाटावर हसणाऱ्या बायांनी पाहिली. त्या दिवशी त्यातली एकही हसली नाही, आणि बोललीही नाही.

निवाडा झाला. नवरा-बायकोच्या मधात देवबी येत नाई, तं हे कोण येणारी? भावांनी घर येगळं करावं, मधात भिंत घालावी, दारं दोन गल्ल्यांत करावीत. भासऱ्याची मर्यादा मोडली म्हणून धाकट्यानं जातीला जेवण द्यावं. जेवण झालं. ज्याच्या हातात काठी होती तो पहिल्या पंगतीला बसला. आणि भिंतीसाठी माती तुडवायला मलाच लावलं, कारण बाईला दिवस होते ना, तिला कष्ट नको. बघा, किती काळजी!

भिंत माझ्या नवऱ्यानं घातली. मी त्याला म्हटलं, "थोडी ठेंगणी ठेवा, एकमेकीचं तोंड तं दिसन." भिंत पुरुषभर उंच गेली. पलीकडून बाई रोज सकाळी एकदा लोटा दगडावर हळूच वाजवायची. म्हणजे, आहे मी. मी इकडून मुसळ आपटायची.

धानाला लोंब्या आल्या होत्या. दुपार होती, पुरुष राखणीला गेलेले, मी अंगण सारवत होते. लोटा वाजला. हळू नाही, जोरात. मी शेणाच्या हातानं उठले, गल्लीतून वळसा घालून पलीकडच्या दारापाशी गेले. दाराला आतून कडी. मी दार बडवलं. "बाई! बाई व!" लोटा पुन्हा वाजला. शेजारच्या बाया, म्हातारे, सगळे बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "अवं भाऊ, कोणी दार तोडा ना!" मी ओरडले. एक म्हातारा म्हणाला, "नवरा-बायकोचं हाय, माय. थंड होईन." मग लोटा वाजायचा थांबला. थोड्या वेळानं कडी निघाली आणि आतून खाकरणं ऐकू आलं. हो, खाकरला तो! मर्यादा पाळली! आणि शेजारणी मलाच म्हणाल्या, "अवं, पदर घे, भासरा येऊन राह्यला."

आधी मूल गेलं. दुसऱ्या दिवशी बाई गेली. जाण्याआधी मला ओळखत होती. बोलता येत नव्हतं, ओठ फुटलेले. बोटानं लोट्याकडं दाखवलं, मग माझ्याकडं. लोट्याचं बूड आपटून आपटून चेपलं होतं. मी तो पदरात घेतला.

गावात सांगितलं गेलं की भरली घागर घेऊन तलावाच्या पाळीवरून घसरली. पाटलानंही तेच वर कळवलं. आंघोळ घालायला आम्ही बाया होतो. घसरलेल्या बाईच्या पाठीवर काठीचे वळ कसे उठतात, हे सगळ्यांच्या डोळ्यांत होतं आणि एकीच्याही तोंडात नव्हतं. सासू म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." माजरीच्या कोळसाखाणीत बाईचा भाऊ होता, तो आला. नखांत कोळसा, डोळे लाल. खूप रडला बिचारा. मी कोपऱ्यातून त्याला खुणावत राहिले, की ये, बाजूला ये, सांगते. तो आला नाही. तेराव्याचं जेवला आणि जाताना भासऱ्याला म्हणाला, "भाऊजी, तब्येतीले जपा."

धान घरात आलं आणि भासऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं निघालं. जवळच्या गावांत कुणकुण गेली होती, त्यामुळे मुलगी शोधली लांबची, एटापल्लीच्या वाटेवरच्या जंगलातली, जिथं पावसाळ्यात माणूस पोचत नाही तर बातमी कुठून पोचणार. मुलीचा बाप आणि काका घर पाहायला आले. भासऱ्याच्या बाजूला बाईमाणूस उरलं नव्हतं, सासूचे गुडघे धरलेले. म्हणून मला बोलावलं. "चुलीपाशी राह्य. पाणी भरून ठेव. बाहीर येऊ नको," सासूनं बजावलं.

मी आतून ऐकत होते. बाप सांगत होता, "पोट्टी लहान हाय, पण कामाले वाघ. न्हाण येऊन साल बी नाई झालं." काकानं घराचे वासे पाहिले, बैल पाहिले. भासरा नवं धोतर नेसून बाजेवर बसलेला, तोंडावर केवढं ते गरीबपण! माझ्या हातात बाईचा लोटा होता. पाणी त्यातच भरलं होतं मी.

डोक्यावरचा पदर मी खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले. भासऱ्यानं लगेच तोंड फिरवलं. मी मुलीच्या बापासमोर उभी राहिले.

"भाऊ, पोरगी देऊ नका. माही जाऊ घसरून नाई मेली. यानं मारली. पोटात लेकरू होतं तिच्या."

आतून सासू "मेली, मेली!" म्हणून ओरडली. बापानं माझ्याकडं पाहिलं. गरीब चेहरा होता त्याचा, वाईट नव्हता. मला वाटलं, आता उठेल. तो म्हणाला, "बाई, संसारात होते असं. मर्दाचा हात उठते कधी. कोणत्या घरी नाई उठत?" काका म्हणाला, "आमची पोट्टी गुणाची हाय. उलटून नाई बोलत." आणि दोघं पुन्हा लग्नाच्या तिथीचं बोलायला लागले. मी तिथं आहे की नाही, याचंही त्यांना काही नव्हतं. माझ्या जावेचा जीव गेला होता आणि तो त्यांना मिठाच्या खड्याएवढाही वाटला नाही. माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे.

मी बाजेजवळ गेले. लोटा जमिनीवर ठेवला नाही. भासऱ्याच्या हातात दिला. तो हात मागं घेत होता, तर मी त्याची बोटं लोट्यावर धरली, माझ्या बोटांखाली, घट्ट, आणि सोडली नाहीत. "घ्या," मी म्हटलं, "पाणी घ्या. तुमच्या बायकोचा लोटा हाय." आयुष्यात त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. त्याच्या तोंडाचा रंग उतरला. काठी उचलणारा हात माझ्या हाताखालून सुटायला ओढ घेत होता. पाणी त्याच्या नव्या धोतरावर सांडलं.

मुलीचा बाप ताडकन उठला. "शिव शिव शिव! भावसून भासऱ्याच्या बोटाले बोट लावते? अशा घरात आमची पोट्टी? चाल रे, पाणी नको पिऊ इथचं." दोघांनी वहाणा पायात नीट घातल्याही नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचं "काय हे घर, काय ही चाल" ऐकू येत होतं.

आम्हाला जातीनं वाळीत टाकलं. माझ्या नवऱ्याची जीभ तेव्हा सुटली. "चाल," तो म्हणाला, "वरोऱ्याले जाऊ." उशिराच सुटली, पण सुटली. आणि भासऱ्याला पुढं कोणी मुलगी दिली नाही. बायको मारली म्हणून नाही हं! भावसुनेनं बाटवलेला म्हणून. मरेपर्यंत स्वतःच्या हातानं भात शिजवून खाल्ला त्यानं.

ती जंगलातली मुलगी मी कधी पाहिली नाही. तिला नाव काय, तेही ठाऊक नाही. आता कुठंतरी म्हातारी झाली असेल, नातवंडांना सांगत असेल की, एकदा फार बेशरम घरात पडणार होतो, माह्या बापानं वाचवलं. सांगू दे. वाचली ना माय? मग झालं.